डावीकडचे सात बोल्ट

सोमवारी सकाळी ताईने कपाटाचं कुलूप काढायच्या आत तिच्या हातात कागद ठेवण्यात आला. कागदावर जेमतेम चार ओळी होत्या. धाकट्या विमानाच्या इंजिनातून तेल गळत आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्या इंजिनाचं काम आपण केलं होतं. तरी निष्काळजीपणा कबूल करणारा खुलासा शुक्रवारपर्यंत द्यावा, म्हणजे प्रकरण इथेच मिटेल, अन्यथा आपला सहीचा अधिकार काढून घेण्यात येईल.

ताईने कागद दोनदा वाचला. आधी निकाल लावायचा आणि मग आरोपीकडूनच पुरावा मागायचा, ही पद्धत तिला नवीन होती. एकोणीस वर्षं ती सही करत होती. तिची सही नसेल तर विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या संस्थेच्या हँगरमधलं एकही विमान धावपट्टीपर्यंत सरकत नसे, आणि त्या एकोणीस वर्षांत तिच्या सहीने वर गेलेलं प्रत्येक विमान चाकांवरच खाली आलं होतं. त्याबद्दल तिला कधी चार ओळींचा कागद मिळाला नव्हता. मिळावा अशी अपेक्षाही नव्हती, पण हा असला कागद मिळावा एवढं तिने काय घोडं मारलं होतं?

ती या हँगरमध्ये आली ती टायपिंग करायला. एकोणीस वर्षांची होती. वडील पाण्याचे पंप दुरुस्त करायचे, त्यामुळे ग्रीसचा वास तिला घरचाच. मेकॅनिक लोक हाताने खरडलेले कागद आणून टाकत, ती ते विमानाच्या वहीसाठी टाइप करी. एक दिवस तिने एक कागद परत नेला आणि म्हणाली की हा आकडा चुकलाय, एवढा जोर लावला तर बोल्ट तुटेल. सगळे हसले. एक माणूस हसला नाही. ते त्या हँगरचे मुख्य मेकॅनिक होते आणि लहानथोर सगळे त्यांना वस्ताद म्हणत. वस्तादांनी आकडा तपासला, कागदावर दुरुस्त केला, आणि दुसऱ्या दिवशी टाइपरायटरसमोरून तिला उठवून तिच्या हातात पाना दिला.

पुढे काय काय झालं ते सांगत बसलं तर दिवस मावळेल. कानामागून आली आणि तिखट झाली असं म्हणणारे होते. तिला लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेलं बघून पेढे वाटावेत इतका आनंद झालेले होते. तिसऱ्यांदा ती पास झाली तेव्हा त्यांनी विषय बदलला. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा बदलीच्या नोकरीत बारा महिने बाहेर, घरी सासूबाई. या सगळ्यात ताईने हँगर सोडला नाही, आणि वस्तादांनी शिकवलेलं एक अक्षर सोडलं नाही.

त्या शिकवणीतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूवर रंगाची एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट पुढे केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. हे सगळीकडेच करतात. वस्तादांच्या हँगरमध्ये मात्र प्रत्येकाचा रंग वेगळा. वस्तादांचा लाल. ते सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हापासून लाल रंग कोणी घेतला नाही, कोणी घ्यायचा नाही असं न सांगताच ठरलं होतं. ताईचा जांभळा. तिची मुलगी एकदा हौसेने जांभळं नेलपॉलिश घेऊन आली आणि घरी आल्यावर तिला ते बघवेना. ताईने बाटली उचलून खिशात टाकली. तेव्हापासून ताईचा रंग जांभळा तो जांभळाच. रंग म्हणजे जबान, असं वस्ताद म्हणायचे. दुसऱ्याच्या बाटलीला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या नावाने सही करणं.

तर ताई तो कागद घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेली. साहेब दीड वर्षापूर्वी आले होते. माणूस वाईट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आजवर तेलाचा थेंब पडलेला कोणी पाहिला नव्हता. ताईने विचारलं, इंजिनाचं झाकण कोणी उघडून पाहिलंय का? साहेब म्हणाले, उघडायची गरजच काय, विमानाचं पोट तेलाने माखलंय, शिकाऊ मुलगी घाबरून अर्ध्या वाटेतून परत आली, तेल निम्म्यावर आलं होतं, आणि चेंबरचं काम तुम्हीच केलंत.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी बसवलेलं, तेल साठवणारं ओतीव भांडं. कागदोपत्री त्याला ऑइल संप म्हणतात, पण पान्याला हात लावणारा माणूस चेंबरच म्हणतो. ते चौदा बोल्टांनी इंजिनाला लटकलेलं असतं, सात उजवीकडे, सात डावीकडे. मधलं पॅकिंग जुनं झालं होतं म्हणून ताईने ते बदललं होतं. बदललं ते नीटच बदललं होतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

तिने साहेबांना समजावायचा प्रयत्न केला. हवेत तेल जिथे गळतं तिथे थांबत नाही, वारा ते मागे ढकलतो. वरच्या नळीतून निघालेलं तेल खालच्या पोटावर दिसतं. ओलं कुठे आहे यावरून वारा कुठे गेला एवढंच कळतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मग घड्याळाकडे बघत म्हणाले की त्या दिवशी कामाच्या मध्येच तुम्ही घरी गेला होतात असं कळलं. घरचे व्याप असतात, समजू शकतो, पण विमानाला ते कळत नाही.

ती गेली होती हे खरं होतं. मुलगी कॉलेजात चक्कर येऊन पडली म्हणून फोन आला होता, आणि ताई पाना खाली ठेवून धावली होती. त्याच संध्याकाळी परत येऊन तिने काम संपवून सही केली होती. पण हे साहेबांना सांगितलं कोणी?

त्याचं उत्तर तिला दारातच मिळालं. वस्ताद हँगरच्या मोठ्या दाराशी त्यांच्या ठरलेल्या खुर्चीवर बसले होते. निवृत्त झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. घरी एकटे, मुलगा परदेशी, त्यामुळे सकाळी आठला डबा घेऊन हजर. ताई बाहेर आली तशी त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि चार मेकॅनिक ऐकतील अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस पोरी. बाईमाणूस आहेस. घरचा फोन आला की लक्ष उडतंच. लिहून दे आणि मोकळी हो."

ताईला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला दुसरा शब्द नाही, तिला अपमान वाटला. साहेब बोलले ते तिने झटकून टाकलं असतं. पण ज्या माणसाने तिला खुर्चीवरून उठवून पाना दिला, त्याला अठ्ठावीस वर्षांनी ती बाईमाणूस आहे असा शोध लागावा, हे तिला सहन झालं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून ती कागदाची घडी करून निघून गेली.

संध्याकाळी घरी सासूबाईंनी तिचा चेहरा बघितला आणि भाजी निवडायची थांबल्या. मुलीने सगळं काढून घेतलं. सासूबाईंना विमानातलं काही कळत नसे. आपली सून रोज उडत्या मोटारी दुरुस्त करते असं त्या शेजारणींना सांगत. पण माणसांतलं कळत होतं. कबुली दिली तर प्रकरण मिटतं मग दे ना आई, असं नात म्हणाली तेव्हा त्यांनी तिला गप्प केलं. म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानेच दोर आणून द्यायचा? तू केलं असशील तर लिही. नसशील तर त्या साहेबाला म्हणावं, कबुली हवी तर स्वतःच्या सहीने लिही."

मंगळवारी ताईने धाकटं विमान आत घेतलं. झाकण उतरवलं. इंजिन वरपासून खालपर्यंत पेट्रोलने धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. मग सगळ्या सांध्यांवर पांढरी पावडर फवारली आणि विमान बाहेर नेऊन दहा मिनिटं इंजिन चालवलं. हे काम असं आहे की त्यात घाई केली की फसलात. दहा मिनिटांनी ती इंजिनाखाली उताणी झोपली आणि टॉर्च लावला. वरच्या नळ्या कोरड्या. पुढचं सील कोरडं. पॅकिंगची रेघ सगळीकडून कोरडी, पांढरीशुभ्र. तिला इतकं समाधान वाटलं की तिथेच ओरडून साहेबांना बोलवावं.

मग टॉर्च डावीकडे गेला. मागून दुसऱ्या बोल्टापाशी पावडर काळी पडली होती, आणि त्या काळ्या डागातून तेलाचा एक थेंब हळूहळू फुगत होता. पॅकिंग धडधाकट होतं. गळत होतं ते चेंबरच्या धातूतून.

तिने बुधवारी चेंबर उतरवलं. बोलायला एक वाक्य, करायला अख्खा दिवस. आधी तेल काढायचं, मग सायलेन्सरचे पाइप, मग चेंबरला खालून लटकलेला कार्बोरेटर, मग त्याच्यातून जाणाऱ्या हवेच्या नळ्या, आणि हे सगळं अशा जागेत की जिथे हात गेला तर पाना जात नाही आणि पाना गेला तर डोळा जात नाही. उजवीकडचे सात बोल्ट तिच्या अंदाजाइतक्याच जोरावर सुटले. डावीकडचा पहिला सुटेचना. तिने मोठा दांडा लावला तेव्हा तो किंचाळत सुटला. दुसरा तसाच. सातच्या सात तसेच. त्यांच्याखालचे वॉशर धातूत रुतून बसले होते. ठरलेल्या जोराच्या दुप्पट तरी जोर कोणीतरी लावला होता. चेंबर धुऊन तिने त्यावर भेगा शोधायचं लाल औषध मारलं, पुसलं, वरून पांढरा फवारा दिला. बोल्टाच्या भोकापासून नखाएवढी लाल रेघ वर उमटून आली.

ताई ते चेंबर मांडीवर घेऊन खालीच बसली. हे तिचं काम नव्हतं, हे तिच्या हाताला माहीत होतं. पण बोल्टांवर रेघा जांभळ्या होत्या.

तिने सातही बोल्ट फडक्यावर मांडले, शेजारी उजवीकडचे सात. आता बघ म्हटल्यावर दिसायला लागलं. उजवीकडच्या रेघा बोल्टाच्या डोक्यावरून सुरू होऊन बाहेर गेल्या होत्या, एका दमात, बारीक. डावीकडच्या जाड होत्या, रंगाचे दोन हात एकावर एक, आणि सुरुवात कडेकडून होऊन डोक्यावर संपल्या होत्या. संपताना प्रत्येकीला एक ठिपका. असा ठिपका देणारा माणूस त्या हँगरमध्ये एकच होऊन गेला होता. त्याचे ठिपके लाल असत.

मग तिला ती संध्याकाळ आठवली. फोन आला तेव्हा तिने उजवी बाजू पुरी केली होती. डावी बाजू नुसती हाताने फिरवून ठेवली होती. मुलीला घरी सोडून, तिला पाणी देऊन, सासूबाईंच्या हवाली करून ती परत आली, टॉर्च मारला, आणि तिला चौदा जांभळ्या रेघा दिसल्या. तिला वाटलं, जाण्याआधी मीच केलं असणार. डोकं ठिकाणावर नव्हतं, विसरले असेन. दुसऱ्या कोणाचा रंग असता तर तिने पाना लावून एकेक बोल्ट तपासला असता. स्वतःचा होता म्हणून तिने एकही तपासला नाही आणि सही ठोकली. त्या चौदा बोल्टांवर भरवसा ठेवून एक शिकाऊ मुलगी तीन आठवडे आभाळात गेली होती. ताईला वस्तादांचा जितका राग आला तितकाच स्वतःचाही आला, आणि दोन्ही राग एकमेकांना कमी करीनात.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले तेव्हा तिने वस्तादांना बाकापाशी बोलावलं. शिकंज्यात एक जुनं फुटकं चेंबर पकडलेलं होतं, त्यात एक बोल्ट. तिने त्यांच्या हातात टॉर्क पाना दिला. हा पाना ठरलेला जोर भरला की कट असा आवाज करतो आणि मुठीला एक हलकासा झटका देतो. तिथे थांबायचं असतं. त्यापलीकडे तो अडवत नाही.

"जरा हा आवळून द्या," ती म्हणाली.

वस्ताद खूश झाले. सहा वर्षांत कोणी त्यांना काम सांगितलं नव्हतं. त्यांनी बाह्या सरसावल्या, पाना बसवला, दांड्याच्या मुठीवर बोटं नीट ठेवली आणि ओढला. पाना कट वाजला. वस्ताद ओढत राहिले. ताईने दुसरा बोल्ट दिला. कट वाजला. वस्ताद ओढत राहिले, मान तिरकी करून, ऐकायची वाट बघत. तिसऱ्या वेळी बोल्टाखालचा धातू करकरला आणि ताईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना कळलं.

त्यांनी पाना बाकावर ठेवला. मग आपल्या बोटांकडे बघत सांगू लागले की गेली तीन वर्षं बारीक आवाज येत नाहीत आणि बोटांना मुंग्या असतात, झटका लागतो की नाही ते समजत नाही. त्या दिवशी ती रडतच गेली होती. पोरीचं काम अडायला नको, दुसऱ्या दिवशी उड्डाण होतं, म्हणून त्यांनी डावी बाजू पुरी केली. लाल रंग लावला असता तर लायसन्स संपलेल्या माणसाने हात लावला म्हणून बोंब झाली असती. तिची बाटली समोरच होती.

"मदत केलीत, बरं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो खाली आणायची तिची इच्छा नव्हती. "आणि सोमवारी? तुम्हाला माहीत होतं डावीकडे कोणाचा हात लागलाय. तरी चारचौघांत मला बाईमाणूस म्हणालात."

"साहेबाला सांगू नकोस," वस्ताद म्हणाले. "मला इथे येऊ देणार नाहीत. मी कुठे जाऊ?"

"आणि मी कुठे जाऊ?"

ते खुर्चीवर जाऊन बसले आणि डबा न उघडताच घरी गेले.

त्या संध्याकाळी घरी ताईने भाजी निवडायला घेतली. तिला वस्तादांची दया येत होती आणि त्या दयेचाच तिला संताप येत होता. म्हातारा माणूस, एकटा, त्याला ही एकच जागा. सगळं खरं. पण त्या एका जागेसाठी त्यांनी तिची जागा पुढे सरकवली होती, सहज, शेजारची खुर्ची सरकवावी तशी. तिने मागितलं असतं तर त्यांनी आपलं नाव तिला दिलं असतं का? आणि तिचं मात्र न विचारता घेतलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं की चोर सापडला का. ताई म्हणाली, सापडला, आणि संन्यासीही अगदी धुतल्या तांदळाचा निघाला नाही.

गुरुवारी रात्रीच नवीन चेंबर आलं होतं. शुक्रवारी ताईने ते पहाटेपासून दुपारपर्यंत राबून बसवलं, चौदाच्या चौदा बोल्ट स्वतः आवळून, आणि मग एका वेगळ्या मेकॅनिकला बोलावून त्याच्याकडून पुन्हा तपासून घेतले. इंजिन चालवलं. कोरडं. मग तिने खुलासा लिहिला. त्यात दोन गोष्टी होत्या. डावीकडचे सात बोल्ट वस्तादांनी आवळले, प्रमाणाबाहेर, त्यामुळे चेंबरला भेग गेली. आणि ते मी आवळलेले नसताना न तपासता मी सही केली.

साहेबांनी कागद वाचला, फुटकं चेंबर बघितलं, भिंगातून लाल रेघ बघितली. माणूस अडाणी नव्हता, कळायचं ते कळलं. मग त्यांनी पेन काढलं आणि पहिल्या वाक्यावर आडवं धरलं. म्हणाले, हे एवढं वगळू. वस्ताद म्हणजे या संस्थेची शान आहेत. पुढच्या महिन्यात या हँगरला त्यांचं नाव द्यायचं ठरलंय, पाहुणे येतायत. त्यांचं नाव अशा प्रकरणात नको. शिवाय तुमची चूक तुम्ही कबूल केलीच आहे, मग एकाच्या नावावर भागत असताना दोन कशाला? तुम्हाला मी सांभाळून घेईन. उद्या त्या शिकाऊ मुलीची उड्डाणाची परीक्षा आहे, तेवढी विमानाच्या वहीत सही करून टाका.

ताई त्या पेनाकडे बघत राहिली. चार दिवसांपूर्वी याच माणसाला तिच्या सहीवर विश्वास नव्हता. आता त्याला तिची सही हवी होती, फक्त त्याच्या आधी तिच्या नावावर दुसऱ्याचंही ओझं चढवून हवं होतं. म्हाताऱ्याचं नाव भिंतीवर लावायचं आणि तिचं फायलीत. हिशेब किती सोपा, आणि तो लावताना त्या माणसाला एकदाही अडखळायला झालं नव्हतं.

"विमान तयार आहे," ती म्हणाली. "या कागदातला एक शब्द खोडलात तर वहीत सही नाही."

साहेब म्हणाले की हा हट्ट आहे. मग त्यांनी खिडकीतून हाक मारून वस्तादांना आत बोलावून घेतलं. त्यांना वाटलं असावं की म्हातारा दारात उभा राहिला की बाई विरघळेल. वस्ताद आले. मागोमाग दारात मेकॅनिक जमले. साहेब त्यांना खुर्ची देत म्हणाले की तुमच्याबद्दल काहीतरी गैरसमज झालाय, मी तो मिटवतोय, तुम्ही काळजी करू नका. वस्ताद गप्प राहिले. त्यांना ऐकू आलं नव्हतं की ऐकू आलं असून चाललं तर चालू द्यायचं होतं, हे त्या खोलीत कोणालाही सांगता आलं नसतं. ताईलाही नाही. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. कानाशी वाकली नाही. सरळ तोंडावर, हँगरच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "वस्ताद, डावी बाजू कोणी आवळली?"

आता ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय राहिली नव्हती. साहेब मध्ये बोलायला गेले, तिने हात वर करून त्यांना थांबवलं. दारातले मेकॅनिक स्वतःच्या बुटांकडे बघत होते. वस्तादांनी आधी साहेबांकडे बघितलं, मग टेबलावरच्या फुटक्या चेंबरकडे.

"मी," वस्ताद म्हणाले.

अगदी हळू म्हणाले, त्यांना स्वतःला ते ऐकूही आलं नसेल. पण बाकी सगळ्यांना आलं.

साहेब मागे टेकले. त्यांचा राग आता खरोखरीचा होता. म्हणाले, "मिळवलंत काय बाई? तुमच्यावरचा डाग काही गेला नाही. ही सगळी फाइल वर जाणार. तुम्हीही अडकलात आणि त्यांनाही अडकवलंत."

"माझी चूक माझी आहे, साहेब," ताई म्हणाली. "ती मी लिहिलीय. पण तेवढीच."

वस्तादांनी कागद मागितला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी तो तिच्याकडे परत दिला आणि वाचून दाखव म्हणाले. ताईने वाचला, दोन्ही वाक्यं, तशाच मोठ्या आवाजात, एक शब्द मऊ न करता. वस्तादांचे ओठ तिच्या बरोबरीने हलत होते. वाचून झालं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पेन मागून तिच्या नावाच्या वर, पहिल्या वाक्याशेजारी, सही केली.

मग ताई बाहेर गेली आणि विमानाच्या वहीत तिने आपली केली.